बचत झाली नाही तर झळ कुणाला? घरगुती ऊर्जाबचतीच्या भागीदारीबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. स्थानिक प्रशासन, वीज वितरण कंपनी, एक बँक, दोन सेवाभावी संस्था आणि रहिवाशांचे प्रतिनिधी एकत्र आले. सामंजस्य करार झाला, सभा झाल्या, पत्रके घरोघरी गेली. दीड वर्ष उलटले तरी प्रत्यक्ष काम झालेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. आणखी भागीदार घ्यावेत का, पैसा कसा उभारावा आणि नव्याने सुरुवात करायची तर किती घरांपासून, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे घरांची ऊर्जा तपासणी करते. त्यातली बरीच वर्षे अशाच भागीदाऱ्या जुळवण्यात आणि सांभाळण्यात गेली. तुम्ही पाठवलेला करार मी दोनदा वाचला. ‘सहकार्य करतील’ हे शब्द त्यात पानोपानी आहेत. पण एखाद्या घरात काम झाले आणि सांगितली होती तेवढी बचत झालीच नाही, तर ते नुकसान कोण सोसणार, हे कुठेच लिहिलेले नाही. माझ्या मते तुमचे घोडे इथेच अडले आहे. कागदावर सहा भागीदार असले तरी सगळी जोखीम एकट्या घरमालकावर आहे, आणि ती त्याला बरोबर कळते. म्हणून तो पत्रक ठेवून घेतो, मान डोलावतो आणि घरी गेल्यावर विषय मागे पडतो. त्याला आळशी किंवा अडाणी म्हणू नका. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर: नवा भागीदार इतक्यात घेऊ नका. आहेत त्यांच्यात जोखीम वाटून घ्या. एवढी एक गोष्ट झाली तर बाकीच्या अर्ध्या अडचणी आपोआप सुटतात, असा माझा अनुभव आहे.

या कामाची गरज किती मोठी आहे ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा त्यावर थोडेच बोलते. जगात वापरल्या जाणाऱ्या अंतिम ऊर्जेपैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा इमारती चालवण्यात जाते आणि त्यात घरांचा वाटा सर्वांत मोठा आहे. २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत देशांनी ऊर्जा कार्यक्षमता सुधारण्याचा वार्षिक वेग २०३० पर्यंत दुप्पट करायचे मान्य केले. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास ध्येयांतले सतरावे ध्येय तर भागीदारीचेच आहे. पण हे सगळे ठराव शेवटी कुणाच्या तरी घराच्या दाराशी येऊन थांबतात. दार उघडणाऱ्या माणसाला समोरच्याचा भरवसा वाटला तरच पुढचे काही घडते.

त्या दाराच्या आत काय असते ते एका घराच्या गोष्टीतून सांगते. दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेने तपासणीला बोलावले होते. बिल फार येत होते आणि खोली थंड होत नव्हती. विक्रेत्याने त्यांना दीडपट क्षमतेचे वातानुकूलन यंत्र घ्यायला सांगितले होते आणि त्या पैसे भरायच्या बेतात होत्या. आम्ही त्यांच्या मुख्य दाराच्या चौकटीत ब्लोअर डोअर बसवला. चौकटीत घट्ट ताणलेले कापड आणि त्यात एक मोठा पंखा, एवढेच ते साधन असते. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो, आत आणि बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक ठेवतो आणि तो टिकवायला किती हवा ओढावी लागते हे मोजतो. जितकी जास्त हवा, तितकी जास्त गळती. पंखा चालू ठेवून आम्ही दोघी पेटती उदबत्ती हातात धरून घरभर फिरलो.

त्यांचा सगळा संशय खिडक्यांवर होता. खिडक्यांपाशी धूर जवळजवळ सरळ वर गेला. माळ्याच्या झाकणाखाली मात्र तो एकदम आडवा झाला. विजेच्या बोर्डापाशी सॉकेटच्या भोकातून आलेल्या झोताने तो खोलीत ढकलला गेला. स्वयंपाकघरात सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे तर उदबत्तीच विझली. बाई वाकून त्या भोकापाशी हात धरून राहिल्या आणि म्हणाल्या, “इतकी वर्षे मी खिडक्यांनाच पट्ट्या लावत बसले.” नंतर फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावले, ओढल्यावर ती अलगद निघून आली, म्हणजे दाराची रबरी पट्टी (गॅस्केट) गेलेली होती. गीझर ७५ अंशांवर ठेवलेला होता. तो ६० वर आणला. साठवणीच्या टाकीत पाणी त्याहून कमी तापमानाला ठेवू नये, कारण त्यात जिवाणू वाढण्याचा धोका असतो.

फटी बुजवल्या, छताखाली उष्णतारोधक थर दिला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली केली. नवे यंत्र घ्यावेच लागले नाही. होते तेच पुरले.

आता मला सांगा, हे त्यांना कोण सांगणार होते? विक्रेत्याचे पोट यंत्र विकण्यावर आहे. वीज कंपनीचे उत्पन्न युनिट विकण्यावर असेल तर तिलाही घाई नाही. बँकेला कर्ज मोठे झालेले चालते. ज्याला त्या घरात काहीही विकायचे नाही, असा माणूस दाराशी उभा करणे हे भागीदारीचे पहिले काम आहे. तपासनीसाचे मानधन संयुक्त निधीतून जावे, ठेकेदाराकडून कधीच नाही. ठेकेदाराने ‘मोफत तपासणी’ देऊ केली तरी नम्रपणे नकार द्या.

तपासनीसाने बोलावे कसे, हेही शिकवावे लागते. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात एका प्रयोगात काही तपासनीसांना बोलण्याचे वेगळे प्रशिक्षण दिले गेले. ‘दाराखाली फट आहे’ एवढे सांगून न थांबता त्यांनी, सगळ्या फटी एकत्र केल्या तर भिंतीत बास्केटबॉलएवढे भगदाड पडेल, असे सांगायचे. शिवाय घरमालकाला मोजमापात सोबत घ्यायचे. या तपासनीसांच्या घरांमध्ये काम करवून घेणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. उदबत्ती मी घरमालकाच्या हातात देते ती यासाठीच. स्वतः पाहिलेला धूर अहवालातल्या तक्त्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहतो.

तंत्राबद्दल फार लिहीत नाही, कारण ते नवे नाही. जर्मनीत डार्मश्टाट इथे १९९१ मध्ये चार जोडघरांची एक रांग बांधली गेली. त्यामागे जर्मन संशोधक वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे बो अ‍ॅडमसन यांचा विचार होता. त्यातून अत्यंत कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांचे पॅसिव्ह हाउस हे मानक आले: वर्षाला दर चौरस मीटरमागे तापवण्यासाठी १५ युनिटच्या आत ऊर्जा आणि ५० पास्कलला तासाला घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीहून कमी हवा गळणे. म्हणजे काय करायचे हे तीस वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. जुन्या घरात ते कोणत्या क्रमाने करायचे हेही माहीत आहे. आधी फटी, मग छत आणि भिंती, सावली आणि त्याबरोबरच हवा खेळती राहण्याची नीट सोय. यंत्रे त्यानंतर, आणि छतावरची सौर पाती सर्वांत शेवटी. क्रम उलटला की पैसा वाया जातो. गळक्या घराच्या हिशेबाने मोठा उष्मा पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारे यंत्र) बसवला आणि मागाहून फटी बुजवल्या, तर तो पंप कायमचा गरजेपेक्षा मोठा राहतो, सारखा चालू-बंद होतो आणि लवकर झिजतो. तुमच्या योजनेत सौर पात्यांना अनुदान आहे आणि इन्सुलेशनला, म्हणजे उष्णतारोधक थराला, नाही. हे आधी बदला.

वर ‘त्याबरोबरच हवा’ म्हटले त्यामागे एक कडू अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका योजनेत तपासनीस होते. एका घराच्या माळ्यावर जाड इन्सुलेशन टाकले गेले. न्हाणीघराच्या पंख्याची नळी बाहेर काढायला हवी होती. माझ्या अहवालात ती ओळ होती. ठेकेदाराच्या कामाच्या यादीत ती उतरली नाही. पंखा वाफ माळ्यावर सोडत राहिला. पहिल्याच थंडीत इन्सुलेशन ओले झाले, छताला काळी बुरशी धरली आणि घरातल्या लहान मुलीचा खोकला थांबेना. घरमालक ठेकेदाराकडे गेला. त्याने यादी दाखवली. कर्ज देणाऱ्या संस्थेकडे गेला; तिने हप्त्याची तारीख दाखवली. आमच्या संस्थेकडे आला. आम्ही अहवाल दाखवला. प्रत्येकाचा कागद बरोबर होता आणि घर सडत होते. शेवटी आम्ही आमच्या खर्चाने नळी बाहेर काढली आणि ओले इन्सुलेशन बदलले, पण तोपर्यंत आठ महिने गेले होते. त्या गल्लीतल्या एकाही घराने नंतर योजनेत नाव घातले नाही, आणि ते मला पूर्ण रास्त वाटते. त्या दिवसापासून मी कोणत्याही कराराकडे एकाच नजरेने पाहते: बिघडले तर घरमालकाने कोणत्या एका दारावर थाप मारायची?

हा प्रश्न मोठ्या योजनांनाही सुटलेला नाही. काहींनी तो चांगला सोडवला, काही त्यावरच आपटल्या. त्यातल्या चार-पाच तुमच्या समितीने अभ्यासाव्यात असे मला वाटते.

पहिली हूड रिव्हर. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला हा लहानसा भाग. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे वीज कंपनी, प्रादेशिक वीज प्रशासन, नियोजन मंडळ आणि एक पर्यावरण संस्था यांनी मिळून एक प्रयोग केला. एरवी हे एकमेकांविरुद्ध कज्जे लढणारे लोक. विजेवर तापणाऱ्या प्रत्येक घराला त्यांनी इन्सुलेशन देऊ केले आणि जवळजवळ सगळा खर्च योजनेने उचलला. घरमालकाच्या खिशाला झळ नव्हती. पात्र घरांपैकी सुमारे ८५ टक्के घरांत काम झाले. इतका प्रतिसाद मी दुसऱ्या कुठल्याही योजनेत पाहिलेला नाही. जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याच्या तोंडून गेलेला शब्द तिथे जास्त कामाला आला. बचत मात्र अंदाजापेक्षा बरीच कमी निघाली, आणि तो तोटा योजनेने पचवला. लोकांच्या माथी मारला नाही.

याच्या उलट चित्र मिशिगनमधले. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांसाठी १९७६ पासून सरकारी इन्सुलेशन योजना आहे, पूर्णपणे मोफत. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरीन वोल्फ्राम या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या सुमारे ३० हजार कुटुंबांवर अभ्यास करून २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. काही कुटुंबांना घरी जाऊन, वारंवार फोन करून, अर्ज भरायला मदत करून योजनेत आणायचा प्रयत्न झाला. तरी सहभाग एका टक्क्याच्या आतून जेमतेम सहा टक्क्यांवर गेला. संगणकी मॉडेलने वर्तवलेली बचत प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहून जास्त होती. हे वाचून हे काम निरर्थक आहे असा निष्कर्ष काही लोक काढतात. मी काढत नाही. मी त्यातून दोन गोष्टी घेते. फुकट आहे म्हणून लोक येतात हा समज चुकीचा आहे. अर्ज, कागदपत्रे, रजा, घरात परका माणूस येणे, हा सगळा खर्चच आहे. आणि मॉडेलच्या आकड्यावर घरमालकाला कर्ज घ्यायला लावणे हा अन्याय आहे.

नेमकी हीच चूक ब्रिटनच्या ‘ग्रीन डील’मध्ये झाली. जानेवारी २०१३ मध्ये ती सुरू झाली. कल्पना आकर्षक होती: आधी पैसे भरू नका, कर्जाचा हप्ता वीजबिलातून जाईल आणि बचतीतून तो निघेल. पण व्याज सात टक्क्यांच्या वर, प्रक्रिया किचकट, आणि बचत झाली नाही तर हप्ता घरमालकाचाच. लाखो घरांचा अंदाज होता. सुमारे १४ हजार घरांनी कर्ज घेतले आणि २०१५ मध्ये सरकारने निधी थांबवला. भागीदार कमी होते म्हणून ती पडली असे कुणी म्हणू शकणार नाही. कंपन्या, बँका, तपासनीस, सरकार, सगळे त्यात होते.

आता ज्या योजनेने हा प्रश्न मला सर्वांत समाधानकारक वाटेल अशा रीतीने सोडवला, ती. नेदरलँड्समधली ‘एनर्जीस्प्राँग’. २०१३ मध्ये तिथल्या, घरे भाड्याने देणाऱ्या सहा गृहसंस्था आणि चार बांधकाम कंपन्या यांच्यात सौदा झाला. सुरुवातीचे लक्ष्य ११ हजार घरांचे होते. घराला बाहेरून कारखान्यात तयार झालेल्या भिंतींचे आणि छताचे नवे कवच चढवायचे, उष्मा पंप बसवायचा, छतावर सौर पाती लावायची. हे सगळे भाडेकरू घरात राहत असताना, साधारण आठवडा-दहा दिवसांत. भाडेकरू पूर्वी वीज-गॅसच्या बिलाला जेवढे भरत असे, तेवढीच रक्कम गृहसंस्थेला देतो आणि त्यातून काम फिटते. यातली कळीची गोष्ट ही की घर वर्षभरात किती ऊर्जा घेईल याची हमी बांधकाम कंपनी देते, काही करारांत ३० वर्षांपर्यंत. हमी दिल्याबरोबर ठेकेदाराचे वागणे बदलते. सॉकेटमागची फट आता त्याची स्वतःची फट होते. पर्यवेक्षक नेमून जे होत नाही ते या एका कलमाने होते.

तुमच्याकडे इतकी मोठी कंपनी नसेल. मग लहान हमी घ्या. काम पूर्ण झाल्यावर पुन्हा ब्लोअर डोअर लावायचा, गळती ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरली असेल तरच शेवटचा हप्ता द्यायचा. रकमेचा पाचवा भाग त्यासाठी राखून ठेवा. पहिल्या बैठकीत ठेकेदार कुरकुर करतील. जे खरोखर चांगले काम करतात ते दुसऱ्या बैठकीला नक्की येतात, कारण निकृष्ट काम करून दर पाडणाऱ्याशी त्यांना आता झगडावे लागत नाही.

पैशाच्या प्रश्नाकडे वळते. बँक तुमच्यासोबत आहे ही चांगली गोष्ट आहे, पण वैयक्तिक कर्ज हा एकच मार्ग ठेवू नका. ज्यांना काम करून घेण्याची सर्वांत जास्त गरज आहे, म्हणजे भाडेकरू आणि कमी उत्पन्नाची कुटुंबे, त्यांना कर्ज मिळत नाही किंवा घ्यायचे नसते. भाड्याच्या घराचे तर दुखणेच वेगळे: खर्च मालकाने करायचा आणि बिल भाडेकरूचे कमी व्हायचे, मग मालक कशाला हात घालील? यावर मला पटलेली वाट म्हणजे मीटरला जोडलेली परतफेड. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये ‘मिडवेस्ट एनर्जी’ ही ग्राहकांच्या मालकीची सहकारी वीजसंस्था २००७ पासून हे करते. सुधारणांचा खर्च संस्था करते आणि परतफेड त्या घराच्या बिलात महिन्याला थोडी-थोडी येते. देणे माणसाच्या नावावर नसते, मीटरच्या नावावर असते. भाडेकरू बदलला की फायदा आणि हप्ता दोन्ही नव्या भाडेकरूकडे जातात. या पद्धतीच्या मूळ आराखड्यात हप्ता अंदाजित बचतीच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम असतो, म्हणजे पहिल्या महिन्यापासून घराच्या हाती काहीतरी उरते. मी तर मिशिगनचा अनुभव पाहता तो ६०-६५ टक्क्यांवरच ठेवा म्हणेन. परतफेडीची मुदत लांबली तरी हरकत नाही. पण उपकरण बंद पडले तर दुरुस्त होईपर्यंत हप्ता थांबेल, हे कलम सोडू नका.

जिथे वस्तू सगळीकडे सारखीच लागते तिथे एकत्र खरेदी सर्वांत जलद काम करते. भारतात २०१५ च्या ‘उजाला’ योजनेत सरकारी मालकीच्या ईईएसएल कंपनीने देशभरातली मागणी एकत्र करून एलईडी बल्ब घाऊक विकत घेतले, खरेदीचा दर एका दशांशाच्या आसपास उतरला आणि ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले. दिवा, पंखा, फ्रिजचे गॅस्केट, गीझरची जाकीट यांना ही पद्धत लागू पडते. इन्सुलेशनला नाही. ते प्रत्येक घराचे वेगळे शिवणकाम आहे. घाऊक दराच्या मागे लागलात तर अंगाला न बसणारे कपडे मिळतील.

आणखी भागीदार घेऊ नका म्हणाले, पण त्याला एक अपवाद करते. आरोग्य खात्याला किंवा जवळच्या रुग्णालयाला सोबत घ्या. न्यूझीलंडमध्ये फिलिपा हाउडन-चॅपमन यांच्या गटाने १,३५० घरांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. इन्सुलेशन दिलेल्या घरांतल्या लोकांना छातीची घरघर कमी झाली, मुलांची शाळा आणि मोठ्यांचे काम कमी बुडाले. त्याच्या बळावर २००९ मध्ये तिथे मोठी राष्ट्रीय योजना आली. तिच्या मूल्यमापनात असे दिसले की एकूण फायद्याचा फार मोठा हिस्सा आरोग्याचा होता. विजेच्या बचतीचा त्यामानाने लहान. पुढे तर काही भागांत डॉक्टर आणि परिचारिकाच दमट घरांतल्या कुटुंबांना योजनेकडे पाठवू लागल्या. हा भागीदार मला फार मोलाचा वाटतो. परिचारिकेला घरात काही विकायचे नसते, तिच्यावर लोकांचा विश्वास आधीपासून असतो, आणि कोणते घर सर्वांत आधी घ्यावे हे तिच्याइतके कुणाला माहीत नसते. उष्ण प्रदेशातही हेच खरे आहे. पत्र्याखाली राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी पांढरे परावर्तक छत म्हणजे बिलाची बचत असेलही, पण त्याआधी ती रात्रीची झोप आहे.

इथे एक शंका नेहमी येते: घर सुधारल्यावर लोक यंत्र जास्त वेळ लावतील आणि बचत उडून जाईल. १८६५ मध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी कोळशाबद्दल असाच मुद्दा मांडला होता. काही प्रमाणात हे होतेच. पण जे कुटुंब पूर्वी एकाच खोलीत कुडकुडत किंवा घामाघूम होऊन बसत होते, ते आता दोन खोल्या वापरू लागले, तर मी ते अपयश मानत नाही. ते विकासाच्या बाजूला मांडा, आणि अहवालात वेगळे लिहा म्हणजे आकड्यांची लपवाछपवी होणार नाही.

घाईबद्दल मात्र मला कठोर बोलायचे आहे. तुमच्या पत्रात ‘निधी मार्चअखेर खर्च झाला पाहिजे’ असे वाक्य आहे. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये मंदीवर उपाय म्हणून माळ्यावरच्या इन्सुलेशनची राष्ट्रीय योजना अशीच घाईने उघडली गेली. वर्षभरात दहा लाखांहून अधिक घरांत काम झाले. अननुभवी ठेकेदार रातोरात उभे राहिले. चार तरुण कामगार गेले: तिघांना विजेचा धक्का बसला, एक उष्माघाताने. योजना फेब्रुवारी २०१० मध्ये बंद करावी लागली आणि पुढे शाही चौकशी आयोग (रॉयल कमिशन) नेमला गेला. तुमच्या करारात माळ्यावर चढण्यापूर्वी वीज बंद करणे, वायरिंगची तपासणी आणि कामगाराचे प्रशिक्षण कोणाकडे, हे नाव घालून लिहा. निधी परत गेला तरी चालेल.

जागृतीसाठी तुम्ही छापलेल्या पत्रकांऐवजी शेजाऱ्यांशी तुलना करणारे बिल पाठवा. अशा अहवालांनी अमेरिकेत सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास वापर घटल्याचे मोठ्या प्रयोगांत दिसले आहे. थोडे आहे, पण जवळजवळ फुकट आहे. एक काळजी घ्या: २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसच्या प्रयोगात, सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांना तो आकडा कळल्यावर त्यांचा वापर वाढला, शेजारी एक हसरा चेहरा छापल्यावर ती वाढ थांबली.

मोजमापासाठी वीज कंपनीकडून प्रत्येक घराची आधीची आणि नंतरची बारा-बारा महिन्यांची बिले घरमालकाच्या लेखी संमतीने मिळायला हवीत. हवामानाचा फरक वजा करा, आणि काम न झालेल्या तशाच घरांशी ताडून पहा. एरवी सौम्य उन्हाळ्याचे श्रेय तुमच्या पदरात पडेल आणि कडक उन्हाळ्याचा दोषही. माझ्या माहितीत वीज कंपन्या सर्वांत जास्त इथेच अडतात. बिले द्यायला तयार नसलेली कंपनी भागीदार म्हणवून घेत असेल, तर तिचे नाव फलकावरून काढा.

शेवटचा प्रश्न, किती घरे. चाळीस. एकाच वस्तीतली, शक्यतो एकाच पद्धतीने बांधलेली. चाळीस यासाठी की दोन तपासनीस एका हंगामात तेवढी नीट करू शकतात, आणि पुढच्या वर्षी त्याच दोघांना त्याच घरांत परत जाता येते. एकच फोन क्रमांक ठेवा, तो एका माणसाचा असावा आणि त्या माणसाकडे लहान दुरुस्त्यांसाठी कुणाची सही न घेता खर्च करण्याचा अधिकार असावा. पहिली दहा घरे झाली की महिनाभर थांबा. त्या काळात त्या दहा घरांत प्रत्येकी एक तास जाऊन बसा, माळा उघडून हात घालून पहा ओल आहे का, आणि ‘पुन्हा करायचे झाले तर काय वेगळे कराल’ हे विचारा. त्यांच्या उत्तरांवरून कामाची यादी बदला आणि मग अकराव्या घराला हात घाला. एक्केचाळिसावे घर मी म्हणेन तुम्ही निवडूच नका. तिथले लोक स्वतःहून त्या क्रमांकावर फोन करतात का, याची वाट पहा.